झाकणाची रिंग

रुवीतल्या ऑफिसात एसीचं पाणी
बादलीत ठिबकत होतं
आणि मी ब्रीफ लिहीत होतो. मुद्दा क्रमांक चौदा:
तिसऱ्या सेकंदाला डबा दिसावा.
हसताना लोगो झाकू नये.
‘गळत नाही’ हे शब्द दोनदा.

त्याआधीचंही सांगायला हवं.
दुबईच्या एका पोराला दिले होते आम्ही
तिमाहीचे सगळे पैसे.
चार लाख माणसं त्याच्या मागे.
त्यानं आमचा स्टीलचा डबा
भाड्याच्या बोटीवर नेला,
गॉगल वर सरकवून उघडला.
आत स्ट्रॉबेऱ्या.
लाल बदाम आले टोपल्या भरभरून,
डबे खपले अकरा.
त्यातले तीन आमच्याच वरदराजननं घेतले,
हिशेबात आकडा बरा दिसावा म्हणून.

मग नफिसा सर्खोत.
मूळची दापोलीकडची, इथे इस्पितळात नर्स.
रात्रपाळी सुटली की पार्किंगमध्ये
गाडीच्या बॉनेटवर जेवण मांडते
आणि नऊ हजार लोकांशी बोलते,
कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी.

चौदा मुद्दे तिनं वाचले, परत धाडले.
खाली एक ओळ:
हे तुम्हीच बोला, आवाज तुमचाच आहे.
आणि जरा वेळानं दुसरी:
डबा ठेवून घेते महिनाभर. मग बघू.

महिनाभर बेंद्रेशेठ रोज विचारायचे,
काय करतेय ती बाई?
मी म्हणायचो, जेवतेय.

व्हिडिओ आला पहाटे साडेपाचला.
मागे काळे डोंगर,
कालचं ऊन अजून अंगात मुरलेले.
पहिलंच वाक्य:
“पैसे घेतलेत मी याचे, आधी सांगते.”
मग डबा आडवा केला, उलटा केला,
मागच्या सीटवर टाकून
कुरियातचा घाट उतरवून आणला.
“गळत नाही. खरंच नाही.
पण झाकणाची रिंग बांगड्याचा वास सोडत नाही.
तीनदा धुतली, लिंबू चोळलं.
वास म्हणतो, मी आता इथलाच.”

शेठचा फोन. मी कानापासून लांब धरला.
आपल्याच पैशानं आपल्याच तोंडाला काळं!
काढायला सांग तिला, आत्ता.

मी सांगितलं नाही.
धाडस वगैरे काही नव्हतं त्यात.
सुट्टी लागली होती
आणि एखाद्या बाईला ‘वास येत नाही असं म्हणा’
हे सांगायला लागणारे शब्द
मला दोन दिवस सुचले नाहीत.

रविवारी निरोप उघडले.
मिस्फाहच्या कॅम्पातला एक वेल्डर:
रिंग वेगळी मिळते का?
मिळत असेल तर सहा डबे, अख्ख्या खोलीला.
सूरहून एक मास्तरीणबाई:
आमच्यात मासे नाहीत, आमटीच असते. मग चालेल ना?
सोहारच्या क्रेनवाल्यानं लांबण लावली नाही:
बाई खरं बोलली. डबा पाठवा.

वरदराजननं आकडा दोनदा तपासला,
मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

रिंग आता सुटी विकतो आम्ही, दोनशे बैशांना.
शंभर रिंगा नफिसाला भेट पाठवल्या,
नव्वद परत आल्या.
दहा पुरे, दुकान नाही माझं.
शेठ हसले, पण
ते पार्सल बरेच दिवस टेबलावरून हलवलं नाही.

आज पुन्हा ब्रीफ लिहायला बसलोय.
माल: थर्मास. माणूस: सलालाच्या वाटेवरचा ट्रकवाला,
सहा हजार जण ऐकतात त्याला
वाळवंटात चहा ओतताना.
मुद्दा एक: महिनाभर वापरा.
मुद्दा दोन:

इथे बराच वेळ थांबलो.
बादली काठोकाठ भरलेली, ओतून आलो.
मुद्दा दोन खोडला.